दीर्घायुष्याची गोळी ब्रुनोला द्यायची का?

पुण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरात ब्रुनो नावाचा लॅब्रॅडॉर आहे, वय बारा पूर्ण, वजन ४१ किलो. कॉलेजात असताना मुलीने हट्ट करून आणला. मुलगी आता डॅलसला असते आणि ब्रुनो आई-वडिलांकडे राहिला. गेले काही महिने तो रात्री दोनच्या सुमारास उठतो, घरभर फेऱ्या मारतो, धापा टाकतो. दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभा राहतो, जणू दार तिथूनच उघडणार आहे. हॉलमध्ये लघवी होते, जी पूर्वी कधी होत नव्हती. जिना चढायला नको म्हणतो. रक्ताची शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची, गोचीड ताप झाला होता तेव्हाची. यजमान म्हणतात, "वय झालंय त्याचं. मुक्या जनावराला सुया टोचून छळू नका." मुलीचं म्हणणं असं, की अमेरिकेत कुत्र्यांचं आयुष्य वाढवण्यासाठी रॅपामायसिन या औषधावर संशोधन चालू आहे, तेच औषध भारतात माणसांसाठी मिळतं, डोस तिने शोधून ठेवलाय, डिसेंबरात ती येणार, त्याआधी सुरू करा. मेडिकलवाला भाच्याच्या ओळखीचा आहे. ताई विचारतात, "गोळी द्यावी का? आणि नाही दिली, तर मिळू शकणारं आयुष्य मीच त्याला नाकारलं असं होईल का?"

ताई,

गोळी देऊ नका. हे आधी सांगून टाकतो, कारण मेडिकलवाल्याचं वाक्य वाचून मलाच घाई झाली. बाकीचं सावकाश बोलू.

मुलीने वाचलंय ते खोटं नाही. रॅपामायसिनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६४ साली कॅनडाचं एक वैद्यकीय पथक ईस्टर बेटावर गेलं आणि तिथून मातीचे नमुने घेऊन आलं. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल या मूळच्या आपल्याकडच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर हे द्रव्य वेगळं काढलं. सुरुवातीला त्याच्याकडे बुरशीवरचं औषध म्हणून बघितलं गेलं. पुढे लक्षात आलं, की ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं. म्हणून १९९९ पासून अमेरिकेत ते किडनी बदललेल्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं, नवी किडनी शरीराने झिडकारू नये यासाठी. भाच्याचा मेडिकलवाला सिरोलिमस या नावाने जे देईल ते हेच. २००९ मध्ये उंदरांवरच्या एका मोठ्या प्रयोगात, उतारवयात सुरू करूनही, हे औषध घेणारे उंदीर जास्त जगले. तेव्हापासून म्हातारपणावर काम करणाऱ्या लोकांचं याच्यावर लक्ष आहे.

कुत्र्यांमध्ये हे काम डॉग एजिंग प्रोजेक्टने हाती घेतलं. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठ यांचा हा प्रकल्प. (दुसरं तुमच्या मुलीच्या डॅलसपासून गाडीने तीनेक तासांवर.) यातली हजारो कुत्री लोकांच्या घरी, सोफ्यावर राहणारी आहेत, पिंजऱ्यातली नाहीत. रॅपामायसिनच्या चाचणीचं नाव ट्रायड. ५८० कुत्री घ्यायची असं ठरलं. वय सातच्या पुढे, वजन साधारण २० ते ५० किलो, मोठा आजार नसलेली. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे ना मालकाला माहीत ना तपासणाऱ्या डॉक्टरला. वर्षभर गोळी आणि पुढे दोन वर्षं नजर.

ती औषध नसलेली गोळी नीट लक्षात घ्या. ज्यांनी या औषधावर उमेदीची वर्षं घातली, ते लोक स्वतःहून काही कुत्र्यांना औषध न देण्याची चाचणी का आखतील? कारण फायदा होतो की नाही हेच त्यांना शोधायचंय. तुमच्या मुलीने उत्तर म्हणून जे पाठवलं, तो त्यांच्यासाठी अजून प्रश्न आहे. २०१७ मध्ये २४ कुत्र्यांवर दहा आठवड्यांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठळक दुष्परिणाम दिसले नाहीत, हृदयाच्या कामात थोडी सुधारणा वाटली. आशा वाटावी एवढं ते आहे. पण दहा आठवड्यांवरून आयुष्याचा अंदाज कुणी बांधत नाही.

आणि याच औषधाने निराशाही केली आहे. हाडाचा कॅन्सर झालेल्या ३२४ कुत्र्यांवर नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून सिरोलिमस देऊन पाहिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की त्याने आयुष्य वाढलं नाही. उलट मांजरांच्या एका विशिष्ट हृदयविकारासाठी, स्नायू जाड होण्याच्या, याच औषधाच्या खास बनवलेल्या गोळीला अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२५ मध्ये सशर्त परवानगी दिली. तिथेही मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असलेल्या मांजराला ती द्यायची नाही अशी ताकीद आहे. म्हणजे औषध वाईट नाही. कोणाला, कशासाठी, काय तपासून, हे ठरल्याशिवाय ते औषधच नाही.

मुलीने कदाचित लॉयल या कंपनीचंही नाव सांगितलं असेल, म्हणून तेही. म्हाताऱ्या कुत्र्यांचं आयुष्य वाढवण्यासाठी बनवलेल्या त्यांच्या एलओवाय-००२ या गोळीबद्दल एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलं, की ती परिणामकारक ठरेल अशी वाजवी अपेक्षा दिसते. बातम्यांत त्याचं 'मान्यता' झालं. ती मान्यता नव्हती, वाटेवरचा एक टप्पा होता.

आता ब्रुनोकडे येऊ. वयाच्या आणि वजनाच्या अटीत तो ट्रायडमध्ये बसला असता. पण त्या चाचणीत गोळी हातात पडण्याआधी रक्त तपासतात, हृदयाची सोनोग्राफी करतात. ब्रुनोच्या रक्ताचा दोन वर्षांत कुणाला पत्ता नाही. त्याला लपलेला मधुमेह असेल, किडनी अर्धी गेली असेल, कुठे जुना संसर्ग धुमसत असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊन आपण काय करू? त्यात आपल्याकडे पावसाळा आला, की लॅब्रॅडॉरच्या कानाला, कातडीला बुरशी येते आणि इट्राकोनॅझोल किंवा कीटोकोनॅझोलच्या गोळ्या सुरू होतात. या गोळ्यांबरोबर सिरोलिमस दिलं, तर त्याचं रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढतं. घरी मोजून दिलेला डोस मग डोस राहत नाही.

तुमच्या घरातली दोन मतं एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतात, पण मला त्यांच्यात एक साम्य दिसतं. यजमान म्हणतात वय झालं, मुलगी म्हणते वयावर गोळी आहे. ब्रुनोला नेमकं काय झालंय, हे दोघांनीही विचारलेलं नाही.

यजमानांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, छळू नका हा, मला मनापासून पटतो. पहिला पटत नाही. वय झालं हे निदान नाही. रोज दवाखान्यात ऐकतो मी ते, आणि बरेचदा त्याच्या आड काहीतरी इलाज होण्यासारखं दडलेलं निघतं. घरात लघवी करणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला मूत्राशयाचा संसर्ग असू शकतो, मधुमेह असू शकतो, किडनी असू शकते, किंवा एवढंच की गुडघे दुखतात म्हणून त्याला बाहेर जाववत नाही. रात्री धापा टाकणं हे दुखण्याचंही लक्षण असतं. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये घशाच्या झडपा ढिल्या पडतात, त्यानेही धाप लागते. जिना नको म्हणणारा कुत्रा बहुधा आळशी झालेला नसतो, त्याचे सांधे बोलत असतात.

दाराच्या बिजागरीकडे तोंड करून उभं राहणं मात्र मला वेगळं सांगतं. कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो. अंदाजे म्हणत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूत माणसाच्या अल्झायमरमध्ये दिसतात तसेच बीटा अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात, आणि ते प्रथिन कुत्र्यात आणि माणसात हुबेहूब एकच आहे. दिशा चुकणं, कोपऱ्यात अडकणं, रात्रीचा दिवस होणं, शिकवलेलं विसरून घरात लघवी करणं, ओळखीच्या माणसाशी वागणं बदलणं, ही त्याची लक्षणं. २००१ च्या एका अमेरिकी अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांमध्ये यातलं निदान एक दिसलं आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांत ६८ टक्क्यांमध्ये. इतकी नेहमीची गोष्ट असून आपल्याकडे मालक ती डॉक्टरला सांगत नाहीत, कारण त्यांना ती सांगण्यासारखी वाटत नाही. तुम्ही लिहिलीत, ते फार बरं केलंत.

पण हे निदान शेवटी करायचं असतं, बाकीचं सगळं तपासून झाल्यावर.

म्हणून पुढच्या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. रात्री फेऱ्या मारताना त्याचा फोनवर व्हिडिओ काढा. तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरला जास्त सांगतो, कारण दवाखान्यात आल्यावर भीतीने सगळी कुत्री शहाणी होतात. सकाळची पहिली लघवी धरायची: लांब दांड्याची जुनी पळी धुऊन घ्या, ब्रुनो बसला किंवा पाय उचलला की मागून सरकवा, स्वच्छ बाटलीत ओता आणि लगेच घेऊन जा. उपाशीपोटी रक्त, त्यात किडनी, लिव्हर, साखर, थायरॉइड, आणि पूर्वी गोचीड ताप झालाय म्हणून प्लेटलेट. रक्तदाब मोजून मागा. डोळे आणि कान बघून मागा. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, तोही रात्री भांबावतो. डॉक्टरांना सांगा, की पाठ, कंबर, गुडघे हाताने दाबून दुखणं शोधा. यजमानांना सांगा, सुई एकदाच टोचायची आहे.

खर्चाची चिंता असलेल्या इतर वाचकांसाठी: शिरवळ, परळ, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. रांग असते, पण तपासण्या एका जागी होतात.

एक गोष्ट आजपासून करू नका. लघवी होते म्हणून संध्याकाळनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवायची आपल्या घरांत पद्धत आहे. किडनीचा किंवा साखरेचा आजार असेल तर त्याने कुत्रा दोन दिवसांत आडवा होऊ शकतो. पाणी भरलेलं राहू द्या. झोपायच्या आधी अकराच्या सुमारास एकदा खाली नेऊन आणा.

आता ज्याला मी खरं आयुष्य वाढवणारं संशोधन म्हणेन ते. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात विकायला काही नाही, उलट कमी विकायचंय. गंमत म्हणजे ते केलं कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या प्युरिना कंपनीने. लॅब्रॅडॉरचीच ४८ पिल्लं घेतली, एकाच वेताच्या भावंडांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, बाकी सगळं सारखं, आणि हे आयुष्यभर. अभ्यास १४ वर्षं चालला आणि २००२ मध्ये छापून आला. भरपूर खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ११.२ वर्षं आलं, कमी खाणाऱ्यांचं १३. जवळजवळ दोन वर्षं, एकही गोळी न देता. आणि मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा आकडा: सांध्यांसाठी औषध सुरू करायची वेळ भरपूर खाणाऱ्यांवर दहाव्या वर्षी आली, सडपातळ भावंडांवर तेराव्या.

ब्रुनो ४१ किलोंचा आहे. त्याच्या जातीच्या नराचं वजन तीस ते छत्तीसच्या दरम्यान असावं. बाराव्या वर्षी सुरुवात करून गेलेली वर्षं भरून येणार नाहीत, तो अभ्यास पिल्लांपासूनचा होता. पण पाच-सहा किलो उतरले, तर दुखऱ्या गुडघ्यांना त्याचा फरक याच वर्षी कळेल. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, "संध्याकाळची दूध-पोळी सोडली तर तो फक्त ड्रायफूडच खातो." ताई, त्या सोडली-तरमध्येच सगळं आहे. सकाळच्या चहाबरोबरची मारी, यजमानांच्या ताटातला शेवटचा घास, कामवाल्या मावशींनी प्रेमाने टाकलेला पाव. आठवडाभर, घरातल्या प्रत्येकाने, ब्रुनोच्या तोंडात जे जाईल ते फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं. मी कुणाला हे करायला सांगितलं आणि कागद अर्धा रिकामा आला असं आठवत नाही. मग तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि किती कमी करायचं ते त्यांना ठरवू द्या. रक्त तपासल्याशिवाय स्वतःहून चौथा हिस्सा कापू नका. बिस्किटाच्या जागी काकडीचा, गाजराचा तुकडा चालतो. वजन बरोबर आलं की नाही हे बघायला वजनकाटाही नको: स्वतःची मूठ बंद करून वरच्या हाडांवरून बोट फिरवा, मग हात उघडा ठेवून हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवा. बरगड्या त्या दुसऱ्या स्पर्शासारख्या लागल्या पाहिजेत, न दिसता पण पटकन हाताला कळणाऱ्या.

चालणं बंद करू नका. डॉग एजिंग प्रोजेक्टच्याच १५ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या माहितीत २०२२ मध्ये असं दिसलं, की हालचाल न करणाऱ्या कुत्र्यांत स्मृतिभ्रंशाची शक्यता, तेवढ्याच वयाच्या पण भरपूर हालचाल करणाऱ्यांच्या मानाने, सहापटीहून जास्त होती. यातून चालल्याने मेंदू वाचतो हे सिद्ध होत नाही. मेंदू बिघडला म्हणून चालणं थांबलं असंही असू शकेल, हे संशोधकांनीच नोंदवलंय. तरी दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, त्याच्या चालीने, वास घेत घेत, यात गमावण्यासारखं काय आहे? गुडघे दुखत असतील तर आधी दुखण्याचं औषध, मग फिरणं. आणि ते औषध डॉक्टरांनी दिलेलंच. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होतो, किडनी बसते.

रात्रीसाठी बारीकसारीक सोयी आहेत. गुळगुळीत फरशीवर त्याच्या वाटेत रबरी चटया किंवा जुन्या योगा मॅट टाका, नखं कापून घ्या, हॉलमध्ये एक मंद दिवा चालू ठेवा. फर्निचर हलवू नका. दिवाळीची साफसफाई आली तरी सोफा त्याच जागी परत. दिवसा झोपू देताय तेवढं झोपू देऊ नका, सकाळच्या उन्हात न्या.

स्मृतिभ्रंशच निघाला तर औषध अगदीच नाही असं नाही. सेलेजिलीन या गोळीला अमेरिकेत १९९८ मध्येच कुत्र्यांच्या या आजारासाठी मान्यता मिळाली आहे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, काहींना चांगला येतो. आपल्याकडे ती पार्किन्सनच्या रुग्णांसाठी मिळते आणि पशुवैद्य लिहून देऊ शकतात. मात्र गोचिडांसाठी अमिट्राझचं पाणी किंवा पट्टा वापरत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं. ही दोन एकत्र चालत नाहीत. ट्रॅमाडॉलसारखी काही दुखण्याची औषधंही तिच्याबरोबर चालत नाहीत. म्हणजे पुन्हा तेच, घरी परस्पर काही नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्रात ती आहे. रात्री दोनला ब्रुनोबरोबर उठतं कोण? फेऱ्यांचं तुम्ही जे बारकाईने वर्णन केलंय, ते जागं राहिलेल्या माणसाचं वर्णन आहे. यजमानांची झोप मोडत असती तर त्यांनी तरी वय झालं म्हणून विषय मिटवला असता का, मला शंका आहे. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्याकडे द्या. त्यांच्यावर रागावून नव्हे. तीन रात्रीत तपासणी करायची गरज त्यांना आपोआप पटेल.

आणि मुलगी. तिने कुत्रा आणला, वाढवला आणि त्याच्या म्हातारपणात ती आठ हजार मैलांवर आहे. पायरीवरून त्याला उचलणं तिला तिथून करता येत नाही. डोस शोधणं करता येतं. गोळीला नाही म्हणताना हे ध्यानात ठेवा, म्हणजे ते नाही तिला लागणार नाही. तिला काम द्या. रिपोर्टचे फोटो तिच्याकडे पाठवा, डॉक्टरांच्या भेटीला व्हिडिओ कॉलवर घ्या, वजनाचा तक्ता तिला ठेवू द्या. तिच्याकडे अमेरिकेत कुत्रं असेल तर डॉग एजिंग प्रोजेक्टमध्ये त्याची नोंदणी करता येते का ते तिने जरूर बघावं. संशोधनावरचा तिचा विश्वास तिथे कामी येईल.

डिसेंबरचं मात्र तिच्याशी स्पष्ट बोला. ब्रुनो तिला भेटेल असं मला वाटतं, तुम्ही लिहिलेल्या कशावरूनही तो उद्या-परवा जाणारा कुत्रा वाटत नाही. पण तारीख गाठण्यासाठी त्याला ताणायचं नाही, हे तिघांनी आताच, तो बरा असताना ठरवा. खाणं सोडलं, उठता येईना, औषध देऊनही दुखणं हटेना, यातलं काय झालं की डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोलायचं, ते त्याच फ्रिजवरच्या कागदामागे लिहून ठेवा. त्या दिवशी विचार करायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तुम्ही त्याला काही नाकारत नाही आहात. जे अजून कुणाच्याच हातात नाही ते नाकारता येत नाही.

भाच्याने गोळ्या आधीच आणल्या असतील तर तपासणीला जाताना बरोबर न्या. एखादी दिली गेली असेल तर किती आणि कधी, तेही डॉक्टरांना सांगा. ते रागावतील थोडे, रागावू द्या. रक्ताचा रिपोर्ट वाचताना त्यांना हे माहीत असणं जरुरीचं आहे.